परकी पिल्ले आणि दूधआई सशीण : वाचकांचे प्रश्न

या वेळी ससे पाळणाऱ्या वाचकांच्या पत्रांना एकत्र उत्तरे देत आहोत. पत्रे निरनिराळ्या परिस्थितीत लिहिलेली असली, तरी त्यांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: मोठे ससे स्वतःची नसलेली पिल्ले स्वीकारतात का, आणि स्वीकारली तर ती वाढवतात का? पहिले पत्र तातडीचे असल्याने त्याचे उत्तर पत्रलेखकाला आधीच स्वतंत्रपणे कळवले आहे. इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून ते येथे विस्ताराने छापत आहोत.

प्रश्न : माझ्याकडील दोन माद्या एका दिवसाच्या अंतराने व्याल्या. त्यांपैकी एक तिसऱ्या दिवशी अचानक दगावली. तिची पाच पिल्ले जिवंत आहेत. दुसरीची स्वतःची सहा पिल्ले आहेत. ही पाच पिल्ले तिच्याखाली दिली तर ती त्यांना मारून टाकील का? पिल्लांना माणसाचा हात लागला की आई त्यांना टाकते, असेही सगळे सांगतात. हात लावावा की नाही, हेच कळेनासे झाले आहे.

उत्तर : ती त्यांना पाजील अशी शक्यता फार मोठी आहे, तेव्हा वाट न पाहता ती पिल्ले आजच तिच्या घरट्यात ठेवावीत. व्यावसायिक ससेपालनात आणि प्रयोगशाळांमध्ये एका मादीची पिल्ले दुसरीखाली देणे ही नेहमीची रीत आहे. पुष्कळ पालक दोन-तीन माद्या मुद्दाम एकाच दिवशी नराकडे नेतात, ते त्यांचे वेत एकाच सुमारास यावे आणि गरज पडल्यास पिल्ले इकडून तिकडे देता यावीत म्हणूनच. व्याल्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत, आणि दोन्ही वेतांतील पिल्लांच्या वयात दोन-तीन दिवसांहून अधिक अंतर नसताना, ही अदलाबदल सहसा निर्विघ्न पार पडते. आपल्याकडे या दोन्ही अटी पूर्ण होत आहेत. मात्र मृत मादीचे स्तन लाल, गरम किंवा कडक झालेले होते का, हे आठवून पाहावे. तसे असेल तर या स्तंभातील शेवटचे उत्तर वाचल्याशिवाय पिल्ले हलवू नयेत.

मादी परक्या पिल्लांना इतक्या सहज का पाजते, हे समजले म्हणजे काळजी नेमकी कोठे घ्यायची तेही कळते. मेंढी व्याल्यानंतर काही तासांतच आपल्या कोकराचा वास पक्का ओळखू लागते आणि दुसरे कोकरू जवळ आले तर त्याला ढुशी देऊन दूर करते. सशाच्या मादीचे घरट्यातल्या एकेका पिल्लाशी असे वेगळे नाते जडलेले दिसत नाही. ती ओळखते ते घरटे: स्वतः निवडलेली जागा, स्वतः ओढून आणलेले गवत, स्वतःच्या पोटाची उपटून अंथरलेली लव आणि या सगळ्याला लागलेला स्वतःचा वास. त्या घरट्यात, त्याच वासात लडबडलेले, त्याच वयाचे जे पिल्लू असेल ते तिच्या दृष्टीने पाजण्याचे पिल्लू असते. परके पिल्लू स्वीकारले जाण्याचे सारे इंगित या एका गोष्टीत आहे, आणि ते नाकारले जाते तेव्हाही बहुधा हीच गोष्ट बिघडलेली असते.

तिचा पिल्लांशी संबंधही आश्चर्य वाटावे इतका थोडा असतो. ती पिल्लांना कुशीत घेऊन ऊब देत बसत नाही, त्यांना फारसे चाटत नाही आणि घरट्याबाहेर पडलेले पिल्लू मांजरीप्रमाणे तोंडात धरून परतही आणत नाही. चोवीस तासांतून बहुधा एकदाच, रात्री किंवा पहाटेच्या सुमारास, ती घरट्यात शिरते, पिल्लांच्या वर उभी राहते, तीन-चार मिनिटे पाजते, जाताना कधी दोन-चार लेंड्या टाकते आणि निघून जाते. रानातली मादी तर बिळाचे तोंड मातीने बुजवून जाते, कारण शिकाऱ्याला वाट दाखवणारी स्वतःची ये-जा जितकी कमी, तितकी पिल्ले सुरक्षित. पाळलेल्या मादीतही ही सवय जशीच्या तशी उतरली आहे. दिवसभर ती घरट्याकडे फिरकत नाही म्हणून तिने पिल्ले टाकली असा समज करून घेऊन पुष्कळ जण घाईने बाटली हाती घेतात, आणि ज्या पिल्लांची आई शेजारीच उभी आहे ती पिल्ले विनाकारण पोरकी होतात. याचे मला फार वाईट वाटते.

या व्यवहारात पिल्लांचाही वाटा आहे. जन्मतः ती उघडी, आंधळी आणि बहिरी असतात. डोळे साधारण दहाव्या-अकराव्या दिवशी उघडतात. तरीही मादी वर उभी राहताच काही सेकंदांत ती आचळ शोधून काढतात. त्यांना हे कसे जमते याचा उलगडा फ्रान्समधील संशोधकांनी २००३ साली केला: मादीच्या दुधातून २-मिथिलब्यूट-२-इनल नावाचे एक गंधद्रव्य बाहेर पडते आणि त्याचा वास येताच नवजात पिल्लू डोके हलवून तोंडाने आचळ शोधू लागते. हे द्रव्य एखाद्या विशिष्ट आईचे नसते, ते दूध देणाऱ्या कोणत्याही मादीत असते, आणि त्याला दिला जाणारा प्रतिसादही पिल्लाला शिकावा लागत नाही. म्हणून आपल्या पोरक्या पिल्लांना नवी आई ओळखीची करून द्यावी लागणार नाही. ती पहिल्याच वेळी तिच्या आचळांना लागतील.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. प्रथम पिल्ले हाताला कोमट लागतात का ते पाहावे. गार पडलेले पिल्लू तसेच घरट्यात ठेवले तर त्याला आचळापर्यंत जाण्याचे त्राण राहत नाही आणि ते इतरांनाही गारठवते. त्याला आधी कापडात गुंडाळून, कोमट पाण्याच्या पिशवीजवळ किंवा तळहातांच्या उबेत सावकाश गरम करावे, आणि ते गरम होईपर्यंत त्याच्या तोंडात काहीही घालू नये. मग मादीला तिचे आवडते खाद्य देऊन दुसऱ्या पिंजऱ्यात किंवा निदान पेटीपासून दूर ठेवावे. हात धुऊन, वास नसलेल्या साबणाने धुतल्यास उत्तम, तिच्याच अंगावरून आणि तिच्या घरट्यातील लवेवरून फिरवावेत, आणि पोरकी पिल्ले तिच्या पिल्लांच्या मधोमध, खालच्या बाजूला, लवेत खुपसून ठेवावीत. त्यांच्या जुन्या घरट्यातील गवत किंवा लव सोबत आणू नये. एवढे झाल्यावर काही तास तसेच जाऊ द्यावेत. अकराही पिल्ले एकमेकांच्या अंगावर चढत-उतरत राहतात आणि रात्री मादी पाजायला येईपर्यंत साऱ्यांचा वास एक होऊन जातो. या कारणासाठी पिल्ले संध्याकाळी उशिरा हलवण्यापेक्षा सकाळी हलवणे चांगले.

मादीच्या नाकाला व्हॅनिलाचा अर्क किंवा उग्र वासाचे मलम लावण्याची युक्ती बरेच अनुभवी पालक सांगतात. शांत मादीला तिची गरज पडत नाही, आणि बिचकणाऱ्या मादीचे नाक चोळत बसल्याने ती अधिकच बिचकते. म्हणून मी ती सुचवत नाही.

माणसाचा हात लागल्याने आई पिल्ले टाकते, ही भीती पाळलेल्या सशांच्या बाबतीत मनातून काढून टाकावी. आपला वास तिला रोजच्या दाण्या-पाण्याइतका परिचित आहे. पिल्लांना इजा होते ती बहुतेक वेळा अन्य कारणांनी: मादीचे पहिलेच वेत असते, पाणी संपलेले असते, कुत्रा किंवा मांजर पिंजऱ्याभोवती घुटमळत असते, अथवा भेदरलेली मादी घरट्यात उडी घेते आणि पिल्ले पायांखाली येतात. मेलेले पिल्लू मादीने खाल्ले तरी तिने ते मारले होते असे त्यावरून ठरत नाही. पेटी रोज तपासणे, मेलेले पिल्लू लगेच काढणे आणि ओले झालेले गवत बदलणे आवश्यकच आहे. फक्त हे काम रोज एकाच वेळी, एकाच माणसाने आणि आवाज न करता करावे.

पिल्लांची संख्या हा आपल्या प्रकरणातील खरा अवघड भाग आहे. मादीला सामान्यतः आठ ते दहा आचळे असतात आणि आपली पिल्ले अकरा होतात. डुकराची पिल्ले एकच आचळ धरून बसतात, तसे सशाचे पिल्लू करत नाही. सगळी पिल्ले पाजण्याच्या त्या तीन-चार मिनिटांत सतत आचळे बदलत राहतात. त्यामुळे आचळांपेक्षा एखादे पिल्लू अधिक असले तर ते उपाशीच राहील असे नाही, परंतु सर्वांत लहान पिल्लू मागे पडण्याचा धोका निश्चित असतो. आपल्या ओळखीत याच सुमारास व्यालेली तिसरी निरोगी मादी असेल तर दोन-तीन पिल्ले तिच्याखाली द्यावीत. नसेल तर अकराही ठेवावीत, मादीला पाणी आणि चांगले खाद्य हवे तितके द्यावे आणि पिल्ले रोज एकाच वेळी वजन काट्यावर घालावीत. भरल्या पोटाचे पिल्लू गोल दिसते, त्याची कातडी ताणलेली असते आणि पहिल्या काही दिवसांत पोटाच्या पातळ कातडीतून आतले पांढरे दूधही दिसते. उपाशी पिल्लाची कातडी सुरकुतते, पोट आत जाते आणि ते हात लागताच वळवळत उसळते. पिल्लू आपल्या वजनाच्या पाव हिश्शापर्यंत दूध एका वेळी पिऊ शकते आणि साधारण आठवड्याभरात त्याचे जन्मवजन दुप्पट होते. एक दिवस पोट रिकामे दिसले म्हणून घाबरू नये. धडधाकट पिल्लू, उबेत असेल तर, एक खाडा सोसते. दोन दिवस लागोपाठ वजन घटले तर मात्र त्या पिल्लाला आधी एकट्याला किंवा दुसऱ्या एका लहान पिल्लासोबत मादीखाली लावावे आणि बाकीची पिल्ले नंतर.

मादीने पहिल्या रात्री पाजलेच नाही, तर सकाळी तिला मांडीवर किंवा पेटीतच हलक्या हाताने धरून पिल्लांवर उभे करावे. तिच्या पायांना घट्ट आधार मिळेल असे पाहावे. अशा रीतीने काही वेळा पाजून घेतल्यावर बहुतेक माद्या स्वतःहून पाजू लागतात.

एवढे सारे करून ही पिल्ले आईखालीच वाढवावीत असा माझा आग्रह का, तेही सांगतो. सशाच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिने गाईच्या दुधाच्या तिपटीच्या आसपास असतात आणि दुग्धशर्करा फारच थोडी असते. बाजारातील कोणतीही भुकटी त्याच्या तोडीची नाही. शिवाय मादीचे दूध पिल्लाच्या जठरात गेल्यावर त्यातून अशी मेदाम्ले तयार होतात, की जी घातक जिवाणूंना आवर घालतात. मोठ्या सशाच्या जठरात हे काम तीव्र आम्ल करते, पण लहान पिल्लात ते आम्ल अजून तयार झालेले नसते. मादीने घरट्यात टाकलेल्या त्या दोन-चार लेंड्याही वाया जात नाहीत: पिल्ले त्या कुरतडतात आणि आतड्याला लागणारे उपकारक जिवाणू त्यांना त्यांतून मिळतात. बाटलीवर वाढवलेल्या पिल्लाला यांतले काहीच मिळत नाही, आणि घाईने पाजलेले दूध फुप्फुसात जाण्याची भीती वेगळीच. गाई-म्हशींच्या वासरांसारखी एक अडचण मात्र येथे नाही: रोगप्रतिकारक द्रव्ये सशाच्या पिल्लाला मुख्यतः जन्मापूर्वी गर्भातच मिळालेली असतात, त्यामुळे सख्ख्या आईचा पहिला चीक न मिळालेले पिल्लूही दूधआईखाली चांगले वाढू शकते.

प्रश्न : माझ्या मादीची पिल्ले सोळा दिवसांची झाली आहेत. शेजाऱ्यांची मादी दोन दिवसांपूर्वी व्याली, पण तिला दूधच नाही. तिची चार पिल्ले माझ्या मादीखाली चालतील का?

उत्तर : एकाच पेटीत चालणार नाहीत. सोळा दिवसांचे पिल्लू नवजात पिल्लाच्या कितीतरी पट मोठे, डोळे उघडलेले आणि पायांवर पळणारे असते; पाजण्याच्या त्या थोड्या मिनिटांत लहानग्यांची डाळ शिजणार नाही, आणि ती तुडवलीही जातील. मादीचे दूध या सुमारास आपल्या कमाल पातळीकडे जात असते, म्हणजे अडचण दुधाची नसून जागेची आणि आकाराची आहे.

त्यावर उपाय असा, की नवजात पिल्ले वेगळ्या पेटीत, आपल्या मादीच्या अंगाची सुटी लव भरपूर घालून, उबदार जागी ठेवावीत. घरट्यातली ऊब तीस ते पस्तीस अंश सेल्सियसच्या दरम्यान राहील असे पाहावे. रोज ठरलेल्या वेळी, मोठ्या पिल्लांना पाजण्याआधी, मादीला या पेटीत आणून त्यांच्यावर उभे करावे. तिचे स्तन त्या वेळी भरलेले हवेत, म्हणून आदल्या रात्री मोठी पिल्ले तिच्यापासून वेगळी ठेवावी लागतील. लहानग्यांचे पोट भरले की मग मोठ्यांना सोडावे. मोठी पिल्ले याच दिवसांत गवत आणि दाणे कुरतडू लागलेली असतात, त्यामुळे त्यांच्या वाट्याला आलेली थोडी कमतरता ती भरून काढतात. मात्र या वेतातील दूध तिसऱ्या आठवड्यानंतर उतरणीला लागते. नवजात पिल्ले खाऊ लागेपर्यंत ते पुरेल का, हे वजनावरूनच ठरवावे लागेल, आणि दूध देणारी दुसरी मादी मिळत असेल तर तिचा शोध थांबवू नये. शेजाऱ्यांनी आपल्या मादीचे दूध खरोखरच आलेले नाही की ती रात्री पाजते आणि कोणाच्या दृष्टीस पडत नाही, याची खातरजमा आधी करावी. पिल्लांची पोटे पाहिली की लगेच कळेल.

प्रश्न : आमच्याकडे तीन वर्षांची मादी आणि तिच्याच वयाचा नर आहे, दोघांचीही नसबंदीची शस्त्रक्रिया झालेली असून दोघेही अतिशय प्रेमळ आहेत. पाच आठवड्यांचे एक पोरके पिल्लू आमच्याकडे येणार आहे. ही दोघे त्याचे आईबाप होतील का?

उत्तर : आपली इच्छा किती मनापासूनची आहे ते पत्रातून कळते, तरीही उत्तर स्पष्टच द्यायला हवे: आईबाप होतील अशी अपेक्षा धरू नये, आणि पिल्लू आल्या दिवशी त्यांच्या पिंजऱ्यात तर मुळीच सोडू नये. वर सांगितलेली सगळी रचना व्यालेल्या मादीची, तिच्या घरट्याची आणि पहिल्या काही आठवड्यांची आहे. आपल्या मादीला दूध नाही, घरटे नाही आणि पिल्लांची हाक ऐकण्यासाठी शरीर ज्या अवस्थेत असावे लागते ती अवस्थाही नाही. घरट्याबाहेर फिरणारे परके पिल्लू तिच्या दृष्टीने तिच्या हद्दीत घुसलेला अनोळखी ससा आहे.

ऑस्ट्रेलियात रोमन मिकिटोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांच्या वसाहतींवर जो अभ्यास केला, तो येथे फार उपयोगी पडतो. हनुवटीखालच्या आणि जांघेतील ग्रंथींच्या स्रावाने ससे आपली हद्दच केवळ खुणावत नाहीत, तर आपल्या गटातील सदस्य आणि पिल्ले यांवरही आपल्या वासाची खूण करतात. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत असे दिसले, की प्रौढ माद्या दुसऱ्यांच्या लहान पिल्लांचा पाठलाग करतात, त्यांना चावतात, आणि स्वतःच्याच पिल्लाला परका वास फासला असेल तर त्याच्यावरही धावून जातात. खालच्या दर्जाच्या मादीची घरट्यातील पिल्ले वरचढ मादीने मारल्याच्या नोंदीही बिळात राहणाऱ्या रानटी सशांमध्ये आहेत. पहिल्या उत्तराशी याचा विरोध वाटेल, पण तसा तो नाही: दोन्हीकडे निर्णय वासाच्या खुणेवर होतो. घरट्यात ती खूण पिल्लाला आपसूक लागते. बाहेर, आणि विशेषतः वाढत्या वयात, ती नसल्याने पिल्लू परके ठरते.

नराचे वागणे बहुधा सौम्य असते, आणि शस्त्रक्रिया झालेला नर पिल्लाला जवळ बसू देतो, त्याला चाटतो, असे अनेक पालकांना दिसून येते. त्याला सोबत म्हणावे. पालनपोषण म्हणू नये. शस्त्रक्रिया न झालेल्या नराचा प्रश्न वेगळा आहे, तो व्यालेल्या मादीजवळ ठेवूच नये, कारण ती व्याल्यानंतर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते आणि त्या धावपळीत घरटे तुडवले जाते.

आपण पुढीलप्रमाणे करावे. पिल्लू निदान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे. पाच आठवडे हे आतड्याच्या विकारांचे नाजूक वय आहे, म्हणून आधीच्या जागी जे खाद्य मिळत होते तेच चालू ठेवून गवत मुबलक द्यावे आणि नवा पाला देण्याची घाई करू नये. त्यानंतर जाळीच्या दोन बाजूंना पिंजरे ठेवून एकमेकांचा वास सवयीचा होऊ द्यावा, अंथरूण अधूनमधून बदलून घालावे. समोरासमोर भेट घडवायची ती तिघांनाही नवख्या असलेल्या जागेत, थोडा वेळ आणि आपण शेजारी बसून. पिल्लाला एकटे वाटू नये म्हणून त्याच वेतातील एखादे भावंड सोबत आणता आले तर ते या दोघा मोठ्यांपेक्षा त्याला अधिक आधार देईल. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: लहान असताना मोठ्यांनी सहन केलेले पिल्लू वयात आले की, म्हणजे चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमारास, जुने भांडण नव्याने सुरू होऊ शकते. कायमचे एकत्र ठेवण्याचा निर्णय पिल्लाची शस्त्रक्रिया होऊन काही आठवडे गेल्यानंतरच घ्यावा.

प्रश्न : माझी मादी गाभण नसतानाही लव उपटून घरटे करत आहे. अशा मादीखाली पोरकी पिल्ले ठेवता येतील का?

उत्तर : ही खोटी गर्भधारणा आहे. मादीच्या शरीरात बीज सुटते ते मिलनानंतर किंवा त्यासारख्या उत्तेजनेनंतर. दुसरी मादी पाठीवर चढली तरी ते घडू शकते. मग गर्भ नसतानाही शरीर सोळा ते अठरा दिवस गाभणपणाच्या वाटेने चालते आणि अखेरीस मादी घरटे करते. तिचे स्तन थोडे भरलेले दिसले तरी पिल्ले जगवण्याइतके दूध तिच्याकडून मिळेल असा भरवसा धरता येत नाही. पिल्लांची ऊब आणि दूध यांची दुसरी सोय हाताशी नसेल तर आधी पशुवैद्याकडे जावे. तिने उपटलेली लव मात्र टाकू नये. स्वच्छ, कोरडी ठेवून दिल्यास दुसऱ्या कोणत्याही घरट्यात ती उपयोगी पडते.

प्रश्न : अंगोरा पिल्ले दुसऱ्या जातीच्या मादीखाली दिली तर ती रंगरूप पाहून नाकारील का?

उत्तर : जात आणि रंग यांनी काही अडत नाही. फक्त आकाराचा विचार करावा, कारण मोठ्या जातीची आणि बुटक्या जातीची पिल्ले एका घरट्यात बरोबरीने वाढत नाहीत. वंशावळ जपायची असेल आणि पिल्ले एकसारखी दिसत असतील, तर कानाच्या आतल्या बाजूला निरुपद्रवी शाईने खूण करावी आणि ती पुसट होताच पुन्हा काढावी.

आपल्या प्रश्नाचा एक फार जुना आणि सुंदर दाखला आहे. २७ एप्रिल १८९० रोजी इंग्लंडमध्ये वॉल्टर हीप यांनी अंगोरा मादीच्या शरीरातून काढलेले दोन भ्रूण ‘बेल्जियन हेअर’ या जातीच्या मादीच्या शरीरात ठेवले. ती मादी आधीच आपल्या जातीच्या नराशी मिलन झालेली होती. यथाकाल तिने सहा पिल्लांना जन्म दिला: चार तिच्या स्वतःच्या जातीची आणि दोन अस्सल अंगोरा. परके पिल्लू पोटात वाढवणारी पहिली सस्तन दूधआई म्हणून शास्त्राच्या इतिहासात नोंद झाली ती एका सशिणीचीच.

प्रश्न : शेतात एक रानसशाचे पिल्लू मिळाले आहे, डोळे उघडे आणि अंगभर केस आहेत. पाळलेल्या मादीखाली ठेवू का?

उत्तर : ठेवू नये. जन्मतःच डोळे उघडे आणि अंगभर केस असलेले पिल्लू शेतातल्या मोकळ्या जागी राहणाऱ्या रानसशाचे असते; पाळीव सशापेक्षा हा प्राणी वेगळ्या प्रजातीचा आहे आणि त्याचे वाढणेही निराळे. त्याची आईसुद्धा दिवसातून एकदाच, अंधार पडताना येऊन पाजते, तोवर पिल्लू एकटेच दबा धरून बसलेले असते. जखम झालेली नसेल तर ते उचलले तेथेच, झुडपाच्या आडोशाला परत ठेवावे आणि कुत्र्यांना त्या बाजूला जाऊ देऊ नये. जखमी असेल तर वन्यप्राण्यांवर उपचार करणाऱ्यांच्या हवाली करावे.

प्रश्न : स्तनदाह झालेल्या मादीची पिल्ले निरोगी मादीखाली दिली तर ती वाचतील ना?

उत्तर : पिल्ले वाचवण्याच्या धडपडीत निरोगी मादी गमावण्याची वेळ येते ती येथेच. सशांतील स्तनदाह बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूमुळे होतो. आजारी मादीला प्यालेल्या पिल्लांच्या तोंडात आणि कातडीवर तो जिवाणू असतो, आणि ती दुसऱ्या मादीच्या आचळांना लागली की दाह तिच्याकडेही पोहोचतो. मग दोन्ही वेतांवर संकट येते. म्हणून अशी पिल्ले दूधआईखाली देऊ नयेत. त्यांना वेगळ्या, स्वच्छ पेटीत उबेत ठेवून पशुवैद्याच्या सल्ल्याने हातावर वाढवावे आणि मादीवर त्याच दिवशी उपचार सुरू करावेत. तिला कोणते प्रतिजैविक द्यायचे हे पशुवैद्यालाच ठरवू द्यावे, कारण इतर जनावरांना सर्रास तोंडावाटे दिली जाणारी पेनिसिलिनसारखी औषधे सशाच्या आतड्यातील जिवाणूंचा तोल बिघडवून त्याचा जीव घेऊ शकतात. पिल्लांना हाताळल्यानंतर हात धुतल्याखेरीज आणि कपडे बदलल्याखेरीज निरोगी माद्यांच्या पिंजऱ्यांकडे जाऊ नये, आणि आजारी मादीची पेटी, गवत काढून टाकून, जंतुनाशकाने धुऊन कडक उन्हात वाळवल्यावरच पुन्हा वापरात आणावी.